पुण्याची मंडई: छप्पर १८८६ मध्ये आलं, काटा सरळ व्हायला फार वेळ लागला

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. महात्मा फुले मंडई फुल्यांनी बांधून घेतली म्हणून तिला त्यांचं नाव पडलं का? घाऊक बाजार तिथून गुलटेकडीला का गेला? आणि या सगळ्यात शेतकऱ्याच्या पदरात काय पडलं? आमच्या घरात भाजीपाल्याची आडत आहे, म्हणजे शेतकऱ्याचा माल कमिशनवर विकून द्यायचा धंदा. आजोबा मंडईत बसायचे, वडिलांनी मंडई आणि गुलटेकडीचं मार्केट यार्ड दोन्ही पाहिलं, मी यार्डातच वाढलो. तिसऱ्या प्रश्नावर मी जास्त बोलेन, कारण माझ्या मते मंडईचा खरा इतिहास तिथेच आहे. इमारतीबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. काट्याबद्दल आणि पट्टीबद्दल, म्हणजे शेतकऱ्याच्या हातात पडणाऱ्या हिशेबाच्या चिठ्ठीबद्दल, फार कमी लिहिलं जातं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. फुल्यांनी ही इमारत बांधायला विरोध केला होता.

मंडई होण्याआधी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात उघड्यावर भरायचा. वाडा १८२८ च्या आगीत आतून जळून गेला होता, पुढची जागा मोकळी होती आणि नदी ओलांडून येणाऱ्यांना ती सोयीची होती. नगरपालिकेला बाजारासाठी पक्की इमारत हवी होती. त्यासाठी शुक्रवार पेठेतली सरदार खासगीवाल्यांची जागा घेतली गेली आणि वासुदेव बापूजी कानिटकरांनी बांधकाम केलं. फर्ग्युसन कॉलेजची मुख्य इमारत बांधणारे कानिटकर ते हेच. ५ ऑक्टोबर १८८६ रोजी मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या हस्ते उद्घाटन झालं आणि इमारतीला 'रे मार्केट' नाव मिळालं. मधला उंच अष्टकोनी मनोरा, त्याच्या भोवती फुटलेल्या उतरत्या छपरांच्या लांब पाख्या आणि दगडी कमानी तुम्ही पाहिल्याच असतील. बाजारात शिरणारा माणूस कुठल्याही बाजूनं आला तरी मधोमध येऊन पोहोचतो आणि वारा आरपार खेळतो. भाजीसाठी ही रचना फार विचारानं केलेली आहे.

जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. त्यांचा स्वभाव कळायला तेव्हाची एक गोष्ट पुरेशी आहे. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार होते आणि शहर सजवायला नगरपालिकेनं हजार रुपये खर्चावेत असा ठराव आला. ३२ सभासदांत विरोध करणारे फुले एकटेच होते. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं होतं. बाजाराच्या इमारतीवर होणाऱ्या लाखांच्या घरातल्या खर्चालाही त्यांचा आक्षेप याच मुद्द्यावर होता. आधी शाळा, मग इमारती.

पण मला वाटतं, या विरोधामागे आणखी एक जाण होती. फुल्यांच्या घरचा धंदाच फुलांचा आणि भाजीपाल्याचा. माल बाजारात कसा येतो आणि परत जाताना शेतकऱ्याच्या हातात काय उरतं, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलं होतं. इमारत उघडण्याच्या तीन वर्षं आधी, १८८३ मध्ये, त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यात गाडीभर माळवं, म्हणजे भाजीपाला, घेऊन शहरात आलेल्या शेतकऱ्याचं वर्णन आहे. म्युनिसिपालिटीची जकात, कमीजास्त वजनानं घेणारे-देणारे दगेबाज दलाल, वर गाडीभाडं. सगळं भरून झालं की उलट अंगावर पडतं आणि घरी मुलाबाळांपुढे शिमगा करायची पाळी येते. ज्याला भाजीचा धंदा समजून घ्यायचा आहे त्यानं तो उतारा जरूर वाचावा. जकात, दलाल, वजन, भाडं: जकात सोडली तर आजही कुठल्याही आडत्याच्या गाळ्यावर शेतकरी याच गोष्टींवर बोलतो. यातली एकही गोष्ट छपरानं सुटणारी नव्हती.

म्हणून इमारत वाया गेली असं मात्र मी म्हणणार नाही. किरकोळ विकणाऱ्या माळी बायांना आणि बागवानांना बसायला हक्काचा ओटा मिळाला. आजही मंडईत गेलात तर विकणारा उंचावर मांडी घालून बसलेला असतो, त्याच्या भोवती पायऱ्यांवर माल रचलेला असतो, डोक्यावर तराजू टांगलेला असतो, आणि गिऱ्हाइकाची नजर आधी मालावर पडते. वांगी देठ वर करून रचतात, कारण देठ हिरवा आणि टवटवीत असेल तर वांगं ताजं, हे गिऱ्हाइकाला सांगावं लागत नाही. पालेभाजीवर पाणी मारतात ते थोडं-थोडं आणि वरून. जुडीच्या पोटात पाणी गेलं तर दुपारपर्यंत ती आतून तापते आणि पिवळी पडते. जमिनीवर चिखलात बसून हे असं करता आलं नसतं. शहराच्या आरोग्याचाही फायदा झाला. पण हा सगळा फायदा विकणाऱ्याचा आणि खाणाऱ्याचा होता. पिकवणाऱ्याच्या व्यवहारात त्यानं काही बदललं नाही.

नाव बदललं ते १९३८ च्या सुमारास. आचार्य अत्रे तेव्हा नगरपालिकेत होते. त्यांच्या पुढाकारानं 'रे मार्केट'ची 'महात्मा फुले मंडई' झाली. ज्या इमारतीला विरोध केला तिलाच नाव कसं दिलं, असं लोक विचारतात. मला ते नाव योग्यच वाटतं. भाजी पिकवणाऱ्याची बाजू मांडणारा माणूस तोच होता, आणि त्याचं नाव भाजीबाजाराला नाही द्यायचं तर कुणाचं द्यायचं? मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटलाही पुढे फुल्यांचंच नाव दिलं गेलं. ते मार्केट १८६९ चं, मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या नावाचं. म्हणजे राज्यातल्या दोन सर्वांत मोठ्या शहरांचे जुने भाजीबाजार एकाच माणसाच्या नावावर आहेत.

आता एक गोष्ट सांगतो, जी पुण्यात फारशी कुणी सांगत नाही. ज्या १८८६ मध्ये पुण्यात रे मार्केट उघडलं, त्याच वर्षी वऱ्हाडात कारंजा इथे देशातला पहिला नियंत्रित बाजार सुरू झाला. तो कापसाचा होता. हैदराबादच्या रेसिडेन्सीच्या, म्हणजे निजामाच्या दरबारी असलेल्या ब्रिटिश प्रतिनिधीच्या, हुकमानं तो आला आणि त्यामागे इंग्लंडच्या गिरण्यांना चांगला, भेसळ नसलेला कापूस मिळावा हा हेतू होता. शेतकऱ्याची दया कुणाला आली नव्हती. तरी बाजार कुठे भरेल, वजन कसं होईल, कुणी किती कापायचं हे लिहून ठेवायची सुरुवात तिथे झाली. १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस आणि धान्यबाजाराचा कायदाच आला. एकाच वर्षी पुण्याला इमारत मिळाली आणि कारंज्याला नियम मिळाले. पुण्याच्या भाजीला असे नियम लागायला पुढची कित्येक दशकं जावी लागली. मुंबई इलाख्याचा शेतमाल बाजार कायदा १९३९ चा, पुणे बाजार समिती १९५७ ची, आणि आज ज्या कायद्याखाली आम्ही काम करतो तो महाराष्ट्राचा कायदा १९६३ चा.

मधल्या काळातल्या मंडईबद्दल बोलायचं तर राजकारणाचं बोलावं लागेल, आणि ते मी थोडक्यात उरकतो. नगरपालिकेचं कार्यालय या इमारतीतच होतं. १९२४ मध्ये मंडईच्या आवारात लोकमान्य टिळकांचा पुतळा बसला, त्याचं अनावरण मोतीलाल नेहरूंनी केलं. मंडईच्या चौकात सभा झाली नाही असा पुढारी पुण्यात त्या काळी नसेल. 'मंडई विद्यापीठ' हा शब्द पुणेकर अभिमानानं वापरतात आणि तो खरा आहे: शहराचं मत काय आहे हे तिथल्या ओट्यांवर आधी कळायचं. शारदा गणपती तर अख्ख्या महाराष्ट्राला माहीत आहे.

धंद्याच्या बाजूनं मात्र त्या काळात शेतकऱ्याची स्थिती वाईट होती. हवेली, पुरंदर, मुळशी, खेड इथून बैलगाड्या रात्री निघायच्या आणि पहाटे मंडईच्या गल्ल्यांत लागायच्या. भाव ठरायचा तो उपरण्याखाली. आडत्या आणि खरेदीदार हातावर कापड टाकायचे, आत एकमेकांची बोटं धरायचे, आणि किती बोटं धरली, कुठलं पेर दाबलं यावर आकडा ठरायचा. शेतकरी समोर उभा असायचा आणि त्याच्याच मालाचा भाव त्याला दिसायचा नाही. पट्टीवर जो आकडा लिहिला जाईल तो मान्य करायचा. कायद्यानं ही पद्धत बंद केली, पण माझ्या आजोबांच्या पिढीत ती सर्रास होती, आणि आजोबांनीही अशीच बोटं धरलेली आहेत. मी हे लपवत नाही, कारण धंद्याचा इतिहास सांगायचा तर तो असाच सांगितला पाहिजे.

वजनाचंही तसंच. शेर आणि मण हे शब्द एकच असले तरी गावचा शेर वेगळा, शहराचा वेगळा, घेण्याचा वेगळा आणि देण्याचा वेगळा. शिवाय कडता होता: माल ओला आहे, पाला जास्त आहे, माती आहे म्हणून वजनातून काही कापायचं. कापायला कारण नेहमी सापडायचं. १९५८ पासून दशमान वजनं यायला लागली आणि १९६२ पासून ती सक्तीची झाली. माझ्या मते पुण्याच्या भाजीबाजारात शेतकऱ्याच्या बाजूनं झालेला हा पहिला खरा बदल. किलो सगळीकडे सारखा. घरून मोजून आणलेलं वजन आणि बाजारातलं वजन शेतकरी पहिल्यांदा ताडून पाहू शकला.

हमालांची गोष्ट वेगळी नाही, याच गोष्टीचा तो भाग आहे. मंडई आणि नाना-भवानी पेठेत पाठीवर ओझी वाहणाऱ्या माणसाला कुणीच नोकर मानत नव्हतं. मजुरी आडत्याच्या मर्जीवर, म्हातारपणी काही नाही. डॉ. बाबा आढावांनी १९५०च्या दशकात हमाल पंचायत उभी केली, मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडी कामगारांना एकत्र आणलं, आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. हमालाची मजुरी माथाडी मंडळाकडे जमा होऊ लागली, भविष्य निर्वाह निधी आला, बोनस आला. माझ्या धंद्यातल्या बऱ्याच जणांना हा कायदा जाचक वाटतो. मला वाटत नाही. ज्या माणसाच्या पाठीवरून शहराचं अन्न येतं त्याची मजुरी ठरलेली असावी, यात जाच कसला?

आता तुमचा दुसरा प्रश्न. घाऊक बाजार हलला, कारण बैलगाडीच्या जागी ट्रक आला आणि पेठेतल्या गल्लीत ट्रक मावेना. पहाटे माल उतरत असताना बुधवार-शुक्रवार पेठेत माणूस चालू शकायचा नाही. दुसरं कारण कायद्याचं. नियंत्रण ठेवायचं तर सगळी खरेदी-विक्री एका आवारात, समितीच्या डोळ्यांसमोर व्हायला हवी. दहा गल्ल्यांत विखुरलेल्या व्यवहारावर कोण लक्ष ठेवणार? गुलटेकडीला जागा मिळाली. भुसार, म्हणजे धान्य-कडधान्य, आधी गेलं, मग फळं-भाजी. सत्तर-ऐंशीच्या दशकांत हे स्थलांतर झालं. व्यापाऱ्यांचा विरोध मोठा होता. गिऱ्हाईक तुटेल, उधारी बुडेल, इतक्या लांब कोण येईल, अशी भीती होती, आणि गुलटेकडी तेव्हा खरंच गावाबाहेर होती. आज ती शहराच्या ऐन मध्यात आहे आणि यार्डाच्या दारातली कोंडी पाहून पुन्हा हलवायची चर्चा होते. मुंबईनंही हेच केलं. तिथला घाऊक भाजी-फळबाजार १९९६ मध्ये वाशीला नेला.

या स्थलांतराचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. मंडईत घाऊक आणि किरकोळ बाजार शेजारी होते. पुणेकर गिऱ्हाइकाला शेतकरी दिसायचा, आज मेथीचा भाव का चढला हे त्याच्याच तोंडून ऐकता यायचं. यार्ड झाल्यावर शेतकरी गुलटेकडीला, गिऱ्हाईक शुक्रवार पेठेत, आणि मधे टेम्पो. मंडईतल्या ओटेवाल्याला पहाटे यार्डात येऊन माल उचलावा लागतो, भाडं द्यावं लागतं, निवडून निघालेली घट सोसावी लागते. मग शेतकऱ्याचा दर आणि ओट्यावरचा दर यांत दुप्पट अंतर पडलं की दोघेही आडत्याकडे बोट दाखवतात. काही वेळा ते बरोबर असतं, पण नेहमी नाही.

यार्डाची रीत सांगतो. शनिवारी भाजीबाजार बंद, म्हणून रविवारी आवक सर्वांत मोठी. रात्रीपासून गाड्या लागतात. पुरंदरचा वाटाणा, अंजीर, सीताफळ, नारायणगावकडचा टोमॅटो, खेड-जुन्नर-आंबेगावची कोथिंबीर, मेथी आणि बटाटा, साताऱ्याचं आलं. बाहेरून इंदूरचं गाजर, आग्र्याचा बटाटा, मध्य प्रदेशातला लसूण, दक्षिणेकडचा शेवगा. फळभाजीचा भाव दहा किलोला बोलतात, पालेभाजीचा शेकड्याला, म्हणजे शंभर जुड्यांना. 'कोथिंबीर पाचशे' म्हणजे जुडी पाच रुपये. वर्तमानपत्रात भाव वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवा, नाहीतर सगळा हिशेब चुकतो. कायद्याची अपेक्षा उघड लिलावाची आहे; भाजीत मात्र बराचसा माल गाळ्यावर तोंडी सौद्यानंच जातो. नाशवंत मालाचा लिलाव ढिगाढिगानं करायला पहाटेचे चार तास पुरत नाहीत, हे आमचं म्हणणं. त्यात तथ्य आहे, पण त्यामुळे भाव पुरेसा उघड राहत नाही, हेही तितकंच खरं आहे.

शेतकऱ्याच्या हातात जी हिशेबपट्टी पडते ती एकदा नीट बघा. वर डाग (पोती, क्रेट) किती, वजन किती, दर काय, एकूण किती. खाली कपाती: हमाली, तोलाई (तोलायचे पैसे), वाराई (गाडीतून माल उतरवायचे पैसे), गाडीभाडं, कधी आधी घेतलेली उचल. आणि अगदी खाली, हातात देणं. २०१६ पर्यंत या कपातींत आडत, म्हणजे आमचं कमिशनही, असायची. त्या वर्षीच्या जुलैमध्ये सरकारनं भाजी-फळं बाजार समितीच्या आवाराबाहेर नियंत्रणमुक्त केली आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असा बदल केला. आमच्या लोकांनी बंद पुकारला. मी आडत्या असूनही माझं मत आहे की तो निर्णय योग्य होता. आडत्या शेतकऱ्याचा माल विकतो, पण उधारी, ओळख आणि रोजचं नातं त्याचं खरेदीदाराशी असतं. ज्याच्याशी नातं त्यानं पैसे द्यावेत. आता खरेदीदार आडत धरूनच भाव करतो, त्यामुळे तिचा काही भाग शेवटी शेतकऱ्याच्याच दरातून जातो. तरी पट्टीवरची एक ओळ कमी झाली, आणि पट्टी जितकी लहान तितकी ती समजते. तोलाईचंही तसंच: इलेक्ट्रॉनिक काटा आल्यावर तोलायचे पैसे द्यायचे कशाला, हा वाद अजून चालू आहे. काट्यावर माणूस उभा असतो, त्याची रोजी आहे, हे मला पटतं. ती रोजी शेतकऱ्याच्या पट्टीतून कापावी हे पटत नाही.

फुल्यांच्या चार तक्रारींचा आज काय हिशेब लागतो? जकात गेली, पुण्यात ती २०१३ मध्ये बंद झाली. वजन सुधारलं, आणि हा सगळ्यात मोठा फायदा. गाडीभाडं आहे तिथेच आहे, डिझेलबरोबर वाढतं, आणि मंदीत ते अंगावर पडतं. कोथिंबीर शेकड्याला शंभर-दोनशेवर आली की शेतकरी आजही घरून पैसे घालून परत जातो. दलाल म्हणजे आम्ही. आमच्यातले बरेच जण सचोटीनं धंदा करतात, पण आमच्यावर लक्ष ठेवणारी यंत्रणा जोरकस हवी, आणि ती तशी नव्हती. पुणे बाजार समितीवर जवळजवळ दोन दशकं निवडून आलेलं संचालक मंडळच नव्हतं, प्रशासक होते. निवडणूक झाली ती २०२३ मध्ये. ज्या संस्थेत शेतकऱ्याचा प्रतिनिधी बसायला हवा तिथे वीस वर्षं तो बसलाच नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

२०१६ नंतर शेतकरी आठवडे बाजार वाढले. पुण्यात अनेक उपनगरांत ते भरतात आणि शेतकऱ्यांचे गट थेट विकतात. तिथे दर चांगला मिळतो. पण ट्रकभर माल तिथे खपत नाही, म्हणून ते यार्डाची जागा घेणार नाहीत. यार्डातल्या दराला धाक मात्र लावतात, आणि तो धाक हवाच. जुन्या मंडईखालून आता मेट्रो जाते, २९ सप्टेंबर २०२४ पासून मंडई स्थानक सुरू आहे. ओटेवाल्यांना त्यामुळे लांबचं गिऱ्हाईक मिळू लागलंय.

तुम्ही प्रकल्प लिहिणार आहात म्हणून एवढं करा: एखाद्या रविवारी पहाटे चारला गुलटेकडीला या, पालेभाजीच्या शेडमध्ये एखाद्या शेतकऱ्याला विचारून त्याची पट्टी पाहा, आणि त्याच मालाचा दर नऊ वाजता मंडईच्या ओट्यावर विचारा. दोन्ही आकडे, मधलं भाडं आणि घट लिहून काढा. हमालांशी आणि तोलणाऱ्यांशीही बोला. इमारतीचे फोटो नंतर काढले तरी चालतील.